पाऊण फूट

सिल्वासातल्या सगळ्या भिंतींना मिळून आजवर जेवढा चुना लागला असेल, त्याहून जास्त चुना आमच्या पी. टी. सरांनी एकट्यानं जमिनीवर सांडला आहे, हे मी कुठल्याही कचेरीत शपथेवर सांगायला तयार आहे. आमच्या मराठी शाळेत ते एकतीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. कबड्डीचं मैदान, धावण्याचे पट्टे, लांब उडीची रेघ, पंधरा ऑगस्टला पाहुण्यांनी कुठून कुठपर्यंत चालायचं ती वाट, सगळं ते स्वतः आखायचे. हत्यारं तीन. एक सुतळी, दोन खुंट्या आणि तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, ज्यातून फक्की भुरुभुरु पडायची. निवृत्त झाल्यावर काही माणसं देवळाला लागतात, काही बागेला लागतात. सर निरोप समारंभाची शाल एका खांद्यावर आणि फक्कीचं उरलेलं अर्धं पोतं दुसऱ्या खांद्यावर टाकून घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगण आखायला घेतलं. स्कूटरला चौकोन, चपलांना लांबट पट्टा, दूधवाल्यानं उभं राहायचं तिथे गोल, आणि कॉलनीतल्या कुत्र्यानं ज्याच्या पुढे यायचं नाही असं फाटकाशी एक अर्धवर्तुळ. कुत्रं पहिल्या आठवड्यातच शिकलं. दूधवाला अजून चुकतो.

टोकरखाड्यात त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे. म्हणजे शाळेतली पाच वर्षं ज्या शिट्टीखाली काढली तीच शिट्टी पुढं जन्मभर माझ्या खिडकीशी वाजणार होती, पण हे कळायचं माझं तेव्हा वय नव्हतं. ती शिट्टी काळ्या नाडीनं त्यांच्या गळ्यात असते आणि फक्त अंघोळीला उतरते. एकदा किलवणी नाक्यावर एक रिक्षा पट्ट्यांवर येऊन थांबली म्हणून सरांनी अशी काही शिट्टी मारली, की रिक्षावाला मागे सरकला, आमची मोटरसायकल थांबली, आणि सावलीत उभा असलेला वाहतूक पोलीस दचकून ताठ झाला. माझ्या लग्नात अंतरपाट धरायच्या आधी सरांनी हॉलच्या फरशीवर खडूनं दोन रेघा मारल्या, वराची आणि वधूची, मधलं अंतर मोजून. भटजींचा पाय रेघेवर पडला तर सरांनी मंगलाष्टकं मध्येच थांबवली. "रेषा म्हणजे रेषा," ते शांतपणे म्हणाले. "रेषेवर पाय म्हणजे बाद. मग तो पाय भटजींचा असो नाहीतर माझा असो." भटजी मागे झाले. सासरची माणसं अजून मला विचारतात, ते तुमचे कोण.

घरात मात्र त्यांची हद्द त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, आखून दिलेली आहे. फक्की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली तर मी माहेरी लांज्याला निघून जाईन, असं त्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आल्या आहेत. सर बाहेरूनच चहा मागतात.

आता त्यांच्या टेपविषयी सांगितलं पाहिजे. ही मोजायची टेप, पिवळ्या कापडाची, चामड्याच्या गोल डबीतली. सर नोकरीला लागले त्या वर्षी शाळेनं घेतली आणि शेवटपर्यंत तीच चालली. दुसरी टेप आली की सर ती कपाटात ठेवून द्यायचे, कारण नव्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. मोजताना टेप जराही सैल राहिलेली त्यांना खपायची नाही. एका टोकाला दोन मुलं, दुसऱ्या टोकाला स्वतः सर, आणि आरोळी एकच, "ताण." आम्ही ताणायचो. "अजून ताण, मेल्या, जेवला नाहीस का." आम्ही टाचा रोवून मागे रेलायचो. शाळेच्या रस्सीखेचीच्या संघाची निवड सर याच कामातून करायचे असा आम्हा मुलांचा समज होता. अशी ओढून धरलेली टेप सांगेल ते माप अंतिम. त्यावर तक्रार नाही, अपील नाही, पुन्हा मोजणं नाही. "पुन्हा मोजा म्हणजे पहिल्यांदा मी झोपलो होतो का," असं ते विचारायचे. हो म्हणायची हिंमत कोणाची.

सरांनी हे घर बांधलं तेव्हा मी दहावीत होतो. प्लॉटची मोजणी करून घ्या असं सगळ्यांनी सांगितलं, पण सर कुठले ऐकतायत. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा चार मुलांना बोलावून त्यांनी रस्त्यापासून मागे साठ फूट मोजले, फक्की मारली, आणि त्या रेघेवर चाळीस फूट लांबीची मागची भिंत बांधून घेतली. आमची मागची भिंत त्याआधीच उभी होती, गवंड्यानं मोजून घातलेली. दोन्ही प्लॉट कागदावर साठ फुटांचेच, पण सरांची भिंत आमच्यापेक्षा पाऊण फूट मागे गेली. ही खाच पुढली दोन-अडीच दशकं सरांनी माझ्या वडिलांना दाखवली. "अहो, तुम्ही गवंड्यावर विश्वास टाकलात. चाळीस फूट लांबीचा पाऊण फूट सोडून दिलात." वडील कानानं आधीपासूनच जरा कमी होते. या विषयावर ते पूर्ण बहिरे व्हायचे.

दोन्ही घरांच्या मागे मोकळी जमीन होती. चार ताडाची झाडं, गवत, आणि पोरांची क्रिकेटची जागा. दोन वर्षांपूर्वी ती वापीच्या एका शेठनं घेतली. भोवती निळे पत्रे उभे राहिले, सात मजल्यांचं चित्र असलेला फलक लागला, आणि एका सकाळी शेठचा मुकादम सरांच्या फाटकात येऊन उभा राहिला. मुकादम शहाद्याकडचा, शांत, गालात तंबाखूची गोळी धरून बोलणारा. तो म्हणाला, "सर, तुमची मांगची भिंत आमच्या नकाशात येऊन राहिली. पाऊन फूट. आमचा गाडी उतरायचा रॅम्प तिथूनच जातो."

त्या दिवशी सरांचा आवाज अर्ध्या टोकरखाड्यानं ऐकला. एकतीस वर्षं या गावातली मैदानं मी आखली, एक इंच इकडचा तिकडे झाला नाही, आणि काल आलेले लोक मला पाऊण फूट शिकवणार. गर्दी जमली होतीच. सरांनी गर्दीकडे वळून जाहीर केलं, "मी चुकलो असेन तर ही भिंत मी माझ्या हातानं पाडीन. आणि चुकलो नसेन, तर यांचा रॅम्प यांनी आकाशातून न्यावा." काकू आतून म्हणाल्या, "हे बोलायला कोणी सांगितलं होतं." पण बोलणं झालं होतं, आणि कॉलनीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. जमिनीपेक्षा आता सरांचं माप पणाला लागलं होतं, आणि त्या मापाखेरीज त्यांच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पुढचे दोन महिने आमच्या मागच्या बाजूला जे चाललं, त्यासाठी मी ऑफिसला रोज उशिरा गेलो. सकाळी साडेसहाला सर पांढरा टी-शर्ट, पांढरी पॅन्ट घालून भिंतीपलीकडे जायचे आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला फक्कीची सरळ रेघ ओढायचे. मग प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे. मजुराचा पाय रेघेवर पडला की शिट्टी. फावडं पडलं की शिट्टी. जेसीबीच्या चालकाला पहिले चार दिवस वाटलं की शिट्टी मुकादमाची आहे, त्यामुळे तो सरांच्या इशाऱ्यावर मागेपुढे होत राहिला आणि भलताच खड्डा खणून बसला. दुपारी सळया आल्या, त्या रेघेच्या पलीकडे एकीला एक लावून सरांनीच रचून घेतल्या. मजूर कंबर वाकवून घमेली उचलतात हे पाहून त्यांना राहवेना. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना कामाआधी रांगेत उभं केलं आणि दहा मिनिटं व्यायाम घेतला. बिहारचे, ओडिशाचे, धुळे-नंदुरबारचे असे तीसेक बाप्ये हात वर, हात खाली करतायत आणि समोर सर आकडे मोजतायत, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मुकादमानं विरोध केला नाही. उलट मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "सर आल्यापासून लोक टायमावर येतात. मी बी येतो. तुमी त्यांना सांगू नका पन."

शेवटी शेठ स्वतः आले. पांढरी गाडी, पायात पांढरे बूट. सरांनी आधी त्यांना गाडी चौकोनात लावायला लावली. शेठ माणूस हसतमुख. चहा घेता घेता म्हणाले, "सर, तमे टेन्शन ना लो. आपण एवढी मोठी बिल्डिंग बांधतोय, त्यात पाऊण फुटाचं काय घेऊन बसायचं. भिंत राहू द्या. आर्किटेक्टला सांगतो, रॅम्प थोडा सरकावून घेईल. तमे खुश, हुं खुश."

दुसरा कोणी असता तर त्यानं शेठला पेढा भरवला असता. मला तर हायसं वाटलं. सर मात्र कप खाली ठेवून उभे राहिले. "म्हणजे जागा तुमची आणि मी दान घेऊन राहिलोय, असं झालं की हो." शेठ म्हणाले, तसं कुठे. सर म्हणाले, तसंच. "माझं असेल तर मला दान नको. तुमचं असेल तर मला ठेवायचं नाही. सरकारी मोजणी मागवा." शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

मोजणीच्या दिवशी कॉलनीत कोणी कामावर गेलं नाही. सरांनी पांढरे बूट खडूनं घासले होते. तिपाईवरचं यंत्र लावून दोन तरुण साहेब तासभर इकडून तिकडे बघत राहिले, नकाशा उलगडत राहिले, आणि मग त्यांनी लाल रंगाची खुंटी ठोकली. भिंतीच्या बाहेर नाही, आत ठोकली, काकूंच्या कढीपत्त्याजवळ. सर म्हणाले, "यंत्र बिघडलंय." त्यातला एक साहेब चांगल्या घरचा असावा. तो हसला नाही. त्यानं विचारलं, "सर, तुम्ही कशानं मोजलं होतं?" सर आत गेले आणि चामड्याची डबी घेऊन आले. साहेबानं स्वतःची लोखंडी टेप रस्त्यावर अंथरली आणि तिच्या शेजारी सरांची कापडी टेप लावली. सरांनी सवयीनं तिचं टोक धरलं आणि मला म्हणाले, "सुहास, ताण." मी ताणली. कापडी टेपवरचा साठाचा आकडा लोखंडी टेपच्या साठाला सोडून पुढे गेला होता. साहेबानं बोट ठेवून वाचलं. साठ फूट नऊ इंच. पुन्हा वाचलं, तेवढंच आलं. वर्षानुवर्षं ओल्या मैदानावर, पाचपन्नास पोरांनी टाचा रोवून ताणताना ती टेप भिंत मोजायच्या आधीच जेवढी लांबायची तेवढी लांबली होती. सरांच्या काटेकोरपणानंच तिला लांबवलं होतं.

सगळे सरांकडे बघत होते. सर टेपकडे बघत होते. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बाद." शिट्टीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचा आवाज आला म्हणून मी मागे गेलो, तर सर भिंतीची वरची वीट काढत होते. सदुसष्टाव्या वर्षी. मुकादम पत्रे ओलांडून धावत आला. "सर, ठेवा तो घन. माझे लोक पाडतील." सर म्हणाले, बोललो होतो, माझ्या हातानं. मग तोड अशी निघाली की पहिल्या दहा विटा सरांनी पाडायच्या आणि बाकीच्या त्यांच्या तीस विद्यार्थ्यांनी. दुपारपर्यंत भिंत गेली. तिसऱ्या दिवशी नवी भिंत आमच्या भिंतीच्या रेषेत उभी राहिली, आणि पलीकडच्या मजुरांनीच ती बांधल्यामुळे इतकी सरळ झाली की सर तीनदा डोळा लावून बघून आले. संध्याकाळी ते आमच्याकडे पेढे घेऊन आले आणि वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "तुमचा गवंडी बरोबर होता." वडिलांना ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं. त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, "मी तेव्हाच बोलणार होतो, पण तुम्ही फार खुशीत होतात." सर हसले. काकू हसल्या. शेठनी मिठाईचा डबा धाडला. कॉलनीत सरांचा मान कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आमची शाळा बाहेरच्या स्पर्धांत धावण्यात का पुढे असायची याचाही उलगडा झाला. आम्ही शंभर मीटर म्हणून रोज शंभराहून जास्त धावत होतो.

हे मी सरांना थट्टेत सांगितलं, आणि तिथेच ते हसायचे थांबले. त्यानंतर चार दिवस त्यांनी अंगण आखलं नाही. दूधवाला वाटेल तिथे उभा राहिला. सर ओट्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलेले दिसायचे. पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले. "साठ फुटाला नऊ इंच," ते म्हणाले. "म्हणजे चौदा फुटाला दोन इंच. जरा जास्तच." मला काही कळेना. "सविता," ते म्हणाले. "लांब उडी. तू टेप धरली होतीस."

मग मला आठवलं. ज्या दिवाळीत भिंत मोजली, त्याच्या पुढच्याच महिन्यातली गोष्ट. सविता नववीत होती, शिरपूरहून सूतगिरणीत कामाला आलेल्या माणसाची मुलगी. आपल्या केंद्रशासित प्रदेशाच्या संघासाठी आमच्या मैदानावर निवड होती, संघ भोपाळला जायचा होता, आणि मुलींच्या लांब उडीला चौदा फुटांची अट होती. तिची शेवटची उडी दीड इंचानं कमी भरली. मी टेपच्या टोकाला मागे रेलून उभा होतो. सरांनी आकडा वाचला आणि वहीत तिच्या नावावर काट मारली. चपला हातात घेऊन ती मैदानाबाहेर गेली, एवढं मला दिसतं.

रविवारी मी सरांना मोटरसायकलवर मागे बसवून किलवणीला नेलं. सविता आता तिथेच राहते, धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर आहे. दारात आम्हाला बघून ती गडबडली, पदरानं खुर्च्या पुसल्या, आठवीतल्या मुलीला चहा टाकायला सांगितलं. सर बसले नाहीत. वर्गासमोर उभे राहतात तसे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, मोजणी, टेप, नऊ इंच, दोन इंच. शेवटी म्हणाले, "तुझी उडी चौदा फुटांच्या वर होती. अर्धा इंच वर. तू निवडली गेली होतीस. मी बाद केलं."

सविता मुलीकडे वळून म्हणाली, "ऐकलं का. मी पास होती." आणि ती हसायला लागली, अगदी खळखळून, की शेजारीण भिंतीवरून डोकावली. तिलाही सांगून झालं. मग तिनं फोन उचलला. "पप्पा, सर आलेत घरी. शाळेतले. माझी ती उडी बरोबर होती म्हणे." फोन स्पीकरवर होता. पलीकडून म्हातारा आवाज आला, "मी तुले तवा म्हनलो होतो ना बेटा, चाल शाळेत जाऊ."

"म्हटले होते," ती आम्हाला म्हणाली. "मीच नाही म्हटलं. म्हटलं पप्पा, सरांनी मोजलंय, म्हणजे बरोबरच राहील." ती हे तक्रारीनं म्हणाली नाही. कौतुकानंच म्हणाली. सर तेव्हा खाली बसले. म्हाताऱ्यानं फोनवर सरांची तब्येत विचारली आणि जेवल्याशिवाय जाऊ नका म्हणून बजावलं, म्हणून आम्ही जेवलो. शेवभाजी झणझणीत होती. मुलीनं सरांना भोपाळ कुठे आहे ते नकाशात दाखवलं. सरांनी तिला उडीच्या आधी पावलं कशी मोजायची ते अंगणात चालून दाखवलं.

परतताना नाका ओलांडल्यावर सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तिच्या बापानं यायला हवं होतं रे त्या दिवशी. भांडायला हवं होतं माझ्याशी."

मी म्हटलं, "आले असते तर तुम्ही पुन्हा मोजलं असतं का, सर?"

"मोजलं असतं," सर लगेच म्हणाले. टोकरखाड्याच्या वळणावर मी वेग कमी केला तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, इतका हळू की मी तो त्यांचा आवाज म्हणून आधी ओळखलाच नाही.

"पण त्याच टेपनं मोजलं असतं, सुहास."